रविवारी न्हाणारी सायकल

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाची ओळख फार थोडा वेळ टिकते. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, की आतली माणसं त्याचा देवासारखा धावा करतात. दार उघडलं, की त्याच्याकडे असं बघत बाहेर पडतात, जणू यानेच आपल्याला कोंडून घातलं होतं. तीस वर्षं हे सोसलेला माणूस एक तर तिरसट होतो, नाही तर विनोदी. आपला गृहस्थ थोडा थोडा दोन्ही झाला होता.

कंपनीत त्याला 'तळमजला' म्हणत. नाव पडायचं कारण असं, की तक्रार कुठलीही असो, हा आधी खाली लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यात उतरणार. सातव्या मजल्यावरचं दार लागत नाही म्हणून बोलावलं, तरी बॅटरी घेऊन खाली. उंचीही नावाला शोभेल अशीच होती. राहायला मात्र तो पाचव्या मजल्यावर होता, आणि त्यावरून त्याच्या कामावरच्या जोडीदाराने केलेला विनोद तीस वर्षं रोज नव्याने होत असे.

त्याची दुसरी खोड म्हणजे कारण सांगणं. दुरुस्ती झाली, की एक कागद भरायचा असतो. त्यावर 'बिघाडाचे कारण' असा एक रकाना असतो. बाकीचे तिथे 'तांत्रिक' असं लिहून मोकळे होत. तळमजला लिहायचा, 'सेक्रेटरींच्या सौभाग्यवतींनी कपाट वर नेताना दार वीस मिनिटे पायाने अडवून धरले.' आणि खाली सही घ्यायला तो कागद सेक्रेटरींच्याच पुढे धरायचा.

साहेबांनी एकदा बोलावून समजावलं. "अहो, कारण जरा गोल लिहीत जा."

"गोल म्हणजे?"

"म्हणजे कुणाला लागणार नाही असं."

"लागलं नाही तर त्या पुन्हा पाय घालतील, साहेब."

साहेबांनी हात जोडले. तीस वर्षांत तळमजल्याने तो रकाना एकदाही रिकामा सोडला नव्हता.

आता, लिफ्टच्या खड्ड्यात उतरायची वाट बहुतेक इमारतींत जिन्याखालून जाते. जिन्याखाली काय असतं? मोडका पाळणा, वाळलेल्या रंगाचे डबे, कुणाच्या तरी संसारातला पहिला कूलर, आणि भिंतीला टेकून, मान वाकडी करून उभी असलेली एक गिअरची सायकल. जाड टायरची, रुंद हँडलची, डोंगर चढायला म्हणून बनवलेली. जिने डोंगरकडे चढायचे, तिच्या डोक्यावरून दिवसभर लोक जिना चढतायत.

प्रत्येक सायकलीची कहाणी विचाराल तर एकच. मुलाच्या वाढदिवसाला घेतली, दोन महिने चालवली, मग क्लास लागला. किंवा डॉक्टरांनी सांगितलं म्हणून घेतली, मग डॉक्टर बदलला. टायर खाली बसलेले, चेनचा गंजून लाडू झालेला, सीटवर मांजराने घर केलेलं. सहा वर्षांपूर्वी एका दुपारी तळमजला खड्ड्यातून वर आला, अशाच एका सायकलीपुढे बराच वेळ उभा राहिला, आणि मालकाच्या दाराची बेल वाजवून म्हणाला, "ही मी चालू करून देऊ का?"

"किती घेणार?"

"काही नाही."

काही नाही म्हटल्यावर मालकाने आधी दाराची साखळी लावली, मग फटीतून चौकशी केली. शेवटी अडगळ जातेय म्हणून दिली. तळमजल्याने ती खांद्यावर टाकली, आपल्या इमारतीच्या गच्चीवर नेली आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत तिचे सगळे सांधे सुटे केले.

हे काम त्याला कुणी शिकवलं नव्हतं. यंत्र म्हणजे यंत्र, आडवं फिरो की वर-खाली जावो, एवढ्या भांडवलावर तो बसला. रॉकेलच्या डब्यात चेन आठवडाभर भिजत ठेवायची. जुन्या गिअरच्या खटक्यात ग्रीस वाळून गोंद झालेला असतो, तो थेंब थेंब तेलाने विरघळवायचा. घाई केली की आतली स्प्रिंग उडून शेजारच्या गच्चीवर जाते. चाकाच्या आसातले छर्रे मोजून बशीत ठेवायचे. ती बशी बायकोच्या चांगल्या सेटमधली असायची, आणि पाहुणे आले की कप पाच व बशा चार अशी परिस्थिती यायची.

"पाचव्या पाहुण्याने काय तळहातावर कप ठेवायचा?" बायको विचारायची.

"अगं, छर्रे आहेत तिच्यात. सांडले तर गेलेच."

"आणि माझी अब्रू सांडली तर?"

दोन-तीन महिन्यांनी सायकल अशी चमकायची, की दुकानातून आणलीय असं वाटावं. आणि मग तळमजला जे करायचा, ते बघून त्याचा मेहुणा कपाळाला हात लावायचा. सायकल तो परत न्यायचा. त्याच मालकाला, त्याच इमारतीत. लिफ्टवाल्याच्या हाडात हे मुरलेलं असतं. लिफ्ट दुरुस्त केली म्हणून कुणी ती घरी नेत नाही. जिथली तिथे, ज्याची त्याला.

मालक खूश व्हायचे, घंटी वाजवून बघायचे, "आता सोमवारपासून चालवतोच," म्हणायचे, आणि सायकल तात्पुरती जिन्याखाली ठेवायचे.

वर्षभराने त्या लिफ्टची देखभाल आली, की तळमजला पुन्हा खड्ड्यात उतरायला जायचा. सायकल मान वाकडी करून उभी. टायर बसलेले, मांजर परतलेलं. एक जांभळी सायकल तर त्याने तीन वर्षांत तीनदा नवी केली. तिच्या मालकाला तो मनातल्या मनात 'सोमवार' म्हणायचा. तिसऱ्या खेपेला सोमवार म्हणाले, "तुमच्या हाताला यश आहे हो."

"माझ्या हाताला आहे," तळमजला म्हणाला, "तुमच्या पायाचं काय?"

सोमवार मनापासून हसले आणि आत जाऊन झोपले.

या सायकलींची त्याने एक वही केली होती. सायकलीचा रंग, काय काय बिघडलं होतं, काय केलं, आणि सवयीने शेवटी 'कारण'. त्या रकान्यात पानामागून पान एकच शब्द होता. दुर्लक्ष. दुर्लक्ष. दुर्लक्ष. जांभळीच्या पुढे तिसऱ्या वेळी, 'दुर्लक्ष (चालू)'.

"कशाला पण हे, दाजी?" मेहुणा विचारायचा. त्याचा जाळ्या-दरवाजे जोडायचा कारखाना होता, आणि जगातला कुठलाही प्रश्न गॅसची शेगडी व हातोडी यांनी सुटतो अशी त्याची श्रद्धा होती. "लोकांना नकोयत त्या. तुम्ही रेड्याला साबण लावताय."

कारण सांगायची एवढी खोड असलेला माणूस या एकाच ठिकाणी गप्प बसायचा. कारण घरात होतं. गॅलरीत.

गॅलरीत एक निळी सायकल होती. ती त्यांच्या मुलाची.

मुलगा सतरा वर्षांचा असताना ती सायकल म्हणजे त्याचा तिसरा पाय होता. पहाटे उठून गावाबाहेरच्या टेकडीवर जायचा, गुडघे फोडून यायचा, आणि पुस्तक उघडलं की जांभया द्यायचा. बारावीच्या सहामाहीचे गुण आले त्या संध्याकाळी तळमजल्याने कंपनीतलं, लिफ्टच्या मशीनरूमला लावतात ते पितळी कुलूप आणलं, आणि सायकल गॅलरीच्या गजाला साखळीने बांधून टाकली. "निकाल लागेपर्यंत," असं म्हणाला. मुलगा काही बोलला नाही. तो तेव्हापासूनच फारसं काही बोलला नाही.

निकाल लागला. गुण चांगले पडले. रात्री जेवताना तळमजल्याने खिशातून चावी काढून मुलाच्या ताटाशेजारी ठेवली. मुलगा जेवला, ताट उचललं, धुतलं आणि झोपायला गेला. चावी तिथेच राहिली. सकाळी तळमजल्याने ती उचलून दाराजवळच्या खिळ्याला अडकवली. पुढचे दोन महिने ती येता-जाता दिसत होती, आणि मुलाने तिला हात लावला नाही. मग मुलगा शिकायला दूरच्या शहरात गेला, तिथेच नोकरीला लागला. दर रविवारी दुपारी फोन यायचा, आईला. बोलून झालं की आई विचारायची, "बाबांना देऊ का?" आणि पलीकडून दर वेळी नवीन काहीतरी यायचं, गाडी आली, साहेब आले, बॅटरी संपत आली. तळमजला समोर पेपर धरून बसलेला असायचा. पेपर उलटा नसायचा, पण वाचूनही होत नसे.

मुलगा गेल्यावर साखळी त्यानेच काढली. सायकलीला मात्र तो हात लावेना. बाहेरच्या तीस-चाळीस सायकली उघडून झाल्या, पण निळी नाही. परीक्षेच्या आधी पोरं जुने पेपर सोडवतात, तसं त्याचं चाललं होतं. ज्या दिवशी निळी उघडू, त्या दिवशी आपल्या हातून एक आटाही वाया जाता कामा नये.

तिची काळजी घ्यायची बायको. दर रविवारी मुलाचा फोन झाला, की ती गॅलरी धुवायला काढायची, आणि गॅलरीबरोबर सायकलही. बादलीभर पाणी, तांब्या, जुना मऊ टॉवेल. सीटपासून सुरुवात. डोक्यावरून आंघोळ घालावी तसे चार तांबे सीटवरून, मग हँडल, मग दांडे, मग चाकं. मागून टॉवेलने कोरडी करायची.

"लोकांच्या सायकलींना तुम्ही घाला आंघोळ," ती म्हणायची, "माझीला मी घालते."

आणि खरंच, बाहेरून ती सायकल डोळ्यांत भरण्यासारखी होती. आठ वर्षांत एक ठिपका धूळ नाही.

मग एका रविवारी फोन जरा लांबला. बायको हुं हुं करत राहिली, मध्येच खुर्चीवर बसली. फोन ठेवल्यावर म्हणाली, "त्याला परदेशात नोकरी लागलीय. कायमचंच म्हणाला. पुढच्या महिन्यात येतोय."

"राहायला?"

"सर्टिफिकिटं न्यायला. तीन-चार तास."

तळमजल्याने पेपरची घडी केली. ती नीट बसेना म्हणून पुन्हा केली. मग उठून गॅलरीत गेला आणि निळ्या सायकलीपुढे उकिडवा बसला. पंचवीस दिवस होते. ही चालू स्थितीत त्याच्या हातात द्यायची, तो एक चक्कर मारून येईल, आणि मग जे बोलायचं ते बोलता येईल. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं, पण चक्कर ठरली होती.

अडचण एकच होती. मुलगा सतराव्या वर्षी बापाएवढाच होता. नंतर तो मामावर गेला; फोटोत दरवाज्याच्या चौकटीला डोकं टेकायचं त्याचं. म्हणजे सीट चांगली वीतभर वर घ्यायला हवी. तळमजल्याने सीटखालचा नट सैल केला, सीट धरून पिळली. हलली नाही. दोन्ही पायांत चाक धरून पिळली. हलली नाही. सीटचा दांडा खालच्या नळीत असा बसला होता, जणू ओतीव कामात एकत्रच ओतलाय.

"होईल," तो म्हणाला. असल्या चार-पाच त्याने सोडवल्या होत्या.

पहिला आठवडा तेल. सकाळ-संध्याकाळ, औषधासारखं, थेंब थेंब. कामावर असताना बायको दुपारचा डोस द्यायची. दुसऱ्या आठवड्यात गरम पाणी आणि बर्फ, आळीपाळीने, म्हणजे धातू फुगून-आकसून सुटतो. एके दिवशी शेजारीण बर्फ मागायला आली, तर बायको म्हणाली, "नाही हो, सायकलीला लागतो." शेजारणीने पुढे काही विचारलं नाही, पण त्या दिवसापासून ती जरा हळू आवाजात बोलायला लागली.

सीट सतराव्या वर्षाला जी थांबली होती, ती थांबलेलीच.

तेव्हा तळमजल्याने आपल्या सवयीप्रमाणे खालून बघायचं ठरवलं. सायकल उलटी न करता, पेडलं जिथे फिरतात तो खालचा सांधा पान्याने उघडला. उघडताक्षणी आतून पाणी आलं. चांगलं कपभर, गंजाने लाल झालेलं, आणि त्यामागून चिखल.

तो ते गॅलरीच्या फरशीवरून मोरीकडे ओघळताना बघत बसला. आणि मग त्याने वर बघितलं. सीटच्या दांड्याला नळी जिथे आवळून धरते, तिथे मागच्या बाजूला एक उभी फट असते. बोटाच्या नखाएवढी. सगळ्याच सायकलींना असते. सीटवरून ओतलेलं पाणी बरोबर तिथे येतं आणि आत उतरतं. नळी लोखंडाची, दांडा ॲल्युमिनियमचा. दोघांच्या मध्ये पाणी राहिलं की ते एकमेकांना खात खात एकमेकांत शिरतात. चार तांबे दर रविवारी. वर्षाचे रविवार बावन्न. आठ वर्षं.

जिन्याखालच्या सायकलींवर थेंबभर पाणी कुणी टाकलं नव्हतं. म्हणूनच त्या सुटत होत्या.

"काय हो, एवढं पाणी कुठून आलं?" बायको चहा घेऊन मागे उभी होती.

तीस वर्षं ज्याने सेक्रेटरींच्या तोंडावर त्यांच्या बायकोचं नाव लिहिलं, त्या माणसाने पाना खाली ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला.

"घाम असेल," तो म्हणाला.

"सायकलीला?"

"आठ वर्षं उभी आहे बिचारी."

ती हसली. चहा त्याच्या हातात देऊन वाकून बघायला लागली. "पण मग सीट का निघत नाहीये? मी तर इतकी जपली हिला. एक रविवार चुकवला नाही. ताप होता तेव्हासुद्धा."

"कंपनीचाच दोष आहे," तळमजला चहात बघून म्हणाला. "त्या वर्षीचा मालच तसला होता."

"मेले!" बायकोने कंपनीला शिवी घातली. "लोकांच्या पोरांच्या वस्तू असतात, नीट बनवायला काय होतं यांना?"

त्याने मान हलवली. चहा गार होईपर्यंत तो तसाच बसून होता.

शेवटचा उपाय मेहुण्याच्या कारखान्यात होता. सीट काढून दांड्याचं डोकं मोठ्या व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळायचं, आणि अख्खी सायकलच पान्यासारखी धरून फिरवायची. एका बाजूला मेहुणा, एका बाजूला तळमजला. नांगराला जुंपल्यासारखे दोघे वाकले.

"ताकद लावा, दाजी! काय लिफ्टचं बटण दाबताय का?"

"तू बोलतोस त्यात अर्धी ताकद जाते."

"हलली!"

"दांडा नाही हलला," तळमजला म्हणाला. "थांब."

तो कान देऊन ऐकत होता. लिफ्टच्या दोराची एक तार तुटायला आली, की वरच्या चाकातून बारीक कुरकुर येते. ती ऐकूनच त्याने आजवर कित्येक माणसं खाली पडायची वाचवली होती. तसाच आवाज आला होता. बोट फिरवून बघितलं, तर नळीच्या जोडापाशी निळ्या रंगाला केसाएवढी भेग. आतून नळी गंजून पत्र्यासारखी झाली होती.

"अजून एक झटका," मेहुणा म्हणाला, "एक तर दांडा येईल, नाही तर नळी."

"नळीच येईल."

"मग दांडा कापू. वरून उडवू, आणि आतला पात्याने, करवतीने, जमेल तसा खरवडून काढू. चार-पाच दिवस जातील."

"तो परवा येतोय."

"मग?"

"कापून निघाला नाही, तर सीटच राहणार नाही. तो आल्यावर काय दाखवू? बिनडोक्याची?"

मेहुण्याने गॅसचा नळ बंद केला. त्याच्या आयुष्यात असा नळ बंद करायची वेळ फार क्वचित आली होती. "कशामुळे झालं असेल हो हे? इतकी चकाचक आहे बाहेरून."

"कंपनीचा दोष," तळमजला म्हणाला. दुसऱ्या वेळी ते जरा सोपं गेलं.

उरलेल्या दोन दिवसांत त्याने बाकी सगळं केलं. खालच्या सांध्यात नवे छर्रे, नवं ग्रीस. ब्रेकच्या तारा बदलल्या. गिअरचा खटका असा साफ केला, की बोट लावलं तर टक् टक् करून एकेक दात मोजून दाखवेल. भेगेवर निळ्या रंगाचा एक थेंब. सीट होती तिथेच.

मुलगा आला तो चौकटीत वाकूनच. आईने आधी त्याला धरलं, मग रडली, मग "किती वाळलास" म्हणाली, मग जेवायला बसवलं. त्याच्या आवडीचं इतकं केलं होतं, की ताटात पदार्थांची ढकलाढकली चालली होती.

"कसे आहात, बाबा?"

"बरा आहे. तू?"

"बरा."

"हं."

एवढ्यावर त्यांचं संभाषण दोन मजल्यांच्या मध्ये अडकलं. आईने ते सोडवलं. "अरे, गॅलरीत जा आधी. बाबांनी काय करून ठेवलंय बघ."

मुलगा गॅलरीत गेला. "अरे! ही अजून आहे?" म्हणाला. त्याने हँडल धरलं, खटका दाबला. टक् टक्. त्याचा चेहरा क्षणभर कुठेतरी टेकडीवर जाऊन आला. मग टांग टाकून तो बसला, आणि त्याचे गुडघे हँडलच्या वर आले. सर्कशीतलं अस्वल लहान सायकलीवर बसतं, तसं काहीतरी झालं. आई तोंडाला पदर लावून हसली, मुलगाही हसला.

"सीट वर घ्या ना, बाबा."

"येत नाही."

"बघू." तो उतरला. त्याने दोन्ही हातांनी सीट धरली. तळमजल्याने खाली बसून चाक पायांत आवळलं आणि दांडे धरले. "घे," म्हणाला. मुलाने जोर लावला. थांबला, हात पुसले, पुन्हा लावला. दोघांच्या कपाळाच्या शिरा अगदी एकाच जागी फुगतात, हे आईला तेव्हाच दिसलं. पाचेक मिनिटं दोघं झटले. सीट जागची हलली नाही.

"सोड," तळमजला म्हणाला. "तुझा हात कापेल."

"कंपनीचा दोष आहे म्हणे," आई म्हणाली.

मुलगा खाली वाकून ती मागची फट बघत होता. त्याने तिच्यात नख घातलं, नखावर आलेली पांढरी भुकटी बघितली. मग त्याची नजर गॅलरीच्या कोपऱ्यात गेली. तिथे बादली होती, तिच्यावर तांब्या पालथा, आणि कडेला वाळत घातलेला जुना टॉवेल. सतराव्या वर्षी तोच टॉवेल तो टेकडीवर न्यायचा.

"आई," तो म्हणाला, "तू हिला पाण्याने—"

"कंपनीचा दोष," तळमजला म्हणाला. मोठ्याने, आणि खालून, चाक पायांत धरून बसल्या बसल्या.

मुलाने बापाकडे बघितलं. आठ वर्षांत पहिल्यांदाच सरळ, आणि बराच वेळ.

"हो," तो म्हणाला. "त्या कंपनीच्या सगळ्याच अशा निघाल्या. माझ्या एका मित्राचीही."

"बघा!" आई म्हणाली.

निघायच्या वेळी आईने विचारलंच. "सायकल नेतोस?"

"तिकडे कुठे ठेवू, आई?" तो अगदी मऊपणे म्हणाला. सर्टिफिकिटांची पिशवी बॅगेत टाकली. आईच्या पाया पडला. बॅग उचलायला बाप पुढे आला, तेव्हा त्याने नको म्हटलं नाही.

लिफ्टमध्ये दोघंच होते. पाचवा ते तळमजला म्हणजे बावीस सेकंद. हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. पाचव्यापासून चौथ्यापर्यंत दोघं दाराकडे बघत होते. चौथा गेला. तिसरा गेला.

"तेव्हा," तळमजला म्हणाला, "तू चावी का नाही घेतलीस?"

"कुठली चावी?"

"निकालाच्या दिवशी. ताटाशेजारी ठेवली होती मी."

मुलाच्या कपाळावर आठी आली. तो खरोखरच आठवत होता. दुसरा मजला गेला.

"ती पितळी?" तो म्हणाला. "मला वाटलं, तुमच्या मशीनरूमची. विसरून राहिली म्हणून मी हात लावला नाही. तुम्हाला तुमच्या चाव्यांना कुणी हात लावलेला आवडत नाही ना." पहिला गेला. "ती सायकलची होती?"

तीस वर्षांच्या नोकरीत तळमजल्याने अडकलेल्या लिफ्टमधून शेकडो लोकांना सोडवलं होतं. आपली लिफ्ट मध्येच अडकावी असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. पण तिची देखभाल त्याने स्वतः केली होती. ती रेशमासारखी खाली आली, पायरीशी केसभरही फरक न ठेवता थांबली, आणि दार उघडलं. बाहेर दोन माणसं वर जायला उभी होती.

"बाबा, गाडी थांबलीय," मुलगा म्हणाला. बॅग घेताना त्याने बापाच्या हातावर हात ठेवला, आणि आपल्या बोटांना तेल लागलेलं बघून तो हात न पुसता तसाच खिशात घातला.

"परत कधी?"

"बघू, बाबा."

वर आल्यावर तळमजल्याने खिळ्यावरची चावी काढली. ती घेऊन काय करायचं ते कळेना, म्हणून पुन्हा अडकवली. मग त्याने ती वही उघडली. 'निळी. सीटचा दांडा जाम. सुटला नाही,' असं लिहिलं. पुढे कारण. पेन टेकवून तो बसला. बायको आतून विचारत होती, गाडीत नीट बसला ना, काही म्हणाला का. "बसला," तो म्हणाला, आणि पेनाचं टोपण लावलं.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. तिकडची वेळ वेगळी असते, असं बायको दोनला म्हणाली, तीनला म्हणाली. चारला ती उठली. बादली भरल्याचा आवाज आला.

तळमजला पेपर ठेवून गॅलरीत गेला. ती तांब्या बुडवत होती. त्याला एकदा वाटलं, निदान त्या फटीवर चिकटपट्टी लावावी. पण मग ती विचारेल, का. आणि आत आता सोडवण्यासारखं काही राहिलंही नव्हतं.

"मी धरू का?" तो म्हणाला.

"धरा. मागच्या वेळी कलंडली होती."

त्याने सीट घट्ट धरली. तिने पहिला तांब्या वरून ओतला. पाणी त्याच्या बोटांवरून गेलं, आणि मागच्या फटीत गुळगुळ आवाज करत खाली उतरलं. तो कान देऊन ऐकत राहिला.

"गार आहे का हो?" तिने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "ओत."